बरगडीवरची गाठ चोळू नका

“ओझे उचलताना पोते लागले असेल.” “वात धरला असेल.” बरगडीवर गाठ दिसली की आपल्या वस्तीत आधी हेच बोलले जाते. मग तेल, शेक, मालिश. दुखत नसेल तर वर्षही निघून जाते. न दुखणारी गाठ साधीच असते, हा समज आम्हाला आधी खोडायचा आहे.

कातडीखाली मऊ लागणारी, बोटाने सरकणारी गाठ बहुधा चरबीची. तिचे फारसे भय नाही. हाडाला चिकटलेली, कडक, न हलणारी आणि महिन्यागणिक वाढणारी गाठ मात्र दाखवलीच पाहिजे. तीही दरवेळी कॅन्सरची नसते. क्षयरोगानेही बरगडीपाशी पू साठून सूज येते. कधी स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर तिथे पसरलेला असतो. आणि क्वचित कॅन्सर छातीच्या पिंजऱ्यातच सुरू होतो. मोठ्या माणसांत बहुधा कॉन्ड्रोसार्कोमा, तोही अनेकदा बरगडी आणि तिच्या पुढच्या कूर्चेच्या सांध्याजवळ. मुलांत आणि तरुणांत यूइंग सार्कोमा. पहिल्यावर केमोचा फारसा उपयोग होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. दुसऱ्यात आधी केमो, शस्त्रक्रिया नंतर. म्हणजे नाव चुकले की उपचारही चुकला.

हे नाव हाताने चाचपून किंवा नुसत्या एक्स-रेवर ठरत नाही. सीटी स्कॅन, गरजेप्रमाणे एमआरआय, आणि जाड सुईने बारीक तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. सुई लावली की कॅन्सर पसरतो, म्हणून माणसे घाबरतात. पण सुई कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतात आणि पुढे गाठीबरोबर तो मार्गही कापून काढता येतो. खरी भीती वेगळी आहे. गल्लीतल्या दवाखान्यात तपासणीशिवाय “छोटीशी गाठ आहे” म्हणून काढली, तर पेशी मागे राहतात आणि पुढची शस्त्रक्रिया मोठी होते. म्हणून बायोप्सी शक्यतो शस्त्रक्रिया होणार तिथेच करावी.

शस्त्रक्रियेत गाठीसोबत भोवतालचा चांगला भाग आणि बरगड्यांचे तुकडेही काढतात. मोठी पोकळी तशीच ठेवली तर श्वास घेताना छाती तिथे आत ओढली जाते. म्हणून जाळी, हाडाचे सिमेंट किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात आणि लागल्यास पाठीचा स्नायू वळवून वर आणतात. पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली पोकळी लहान असेल तर पट्टीची गरज नसते. बिडी ओढणाऱ्याने ती आधीच सोडावी, नाहीतर नंतर कफ सुटत नाही. हे आम्ही जरा दटावूनच सांगतो.

पैशाच्या काळजीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून कॅन्सरवरच काम करते. गाठ आधीच कुठे काढली असेल, तर तिथून रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या आणि जुन्या एक्स-रेसोबत बरोबर न्या.