एका विभाजनात साठ हजार चुका

मोठ्या आतड्याच्या अस्तरात कोटीच्या आसपास सूक्ष्म खळगे असतात आणि एकेका खळग्यात साधारण दोन हजार पेशी. हे सगळं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं.

नवी पेशी म्हणजे डीएनएची नवी नक्कल, सुमारे ६०० कोटी अक्षरांची. ती उतरवणारं विकर लाखात एखादं अक्षर चुकतं. निकाल वाईट नाही, पण ६०० कोटींवर हिशेब केला तर एका विभाजनात ६० हजार चुका होतात! ते विकर लगेच मागे वळून स्वतःचं लिखाण तपासतं, तेव्हा सहाशेच्या आसपास उरतात. मग दुसरा मुद्रितशोधक येतो, त्याचं नाव मिसमॅच रिपेअर (एमएमआर). त्याच्या हातून निसटतात फार तर पाच-सहा.

मोठ्या आतड्याच्या शंभरातल्या सुमारे पंधरा कर्करोगांत हा दुसरा शोधकच गैरहजर असतो. रोग दूरवर पसरलेल्या रुग्णांत तर असे जेमतेम चार-पाच. २०१२ साली अमेरिकेच्या 'कॅन्सर जीनोम ॲटलस' प्रकल्पाने गाठींमधल्या प्रथिनं बिघडवणाऱ्या चुका मोजल्या. नेहमीच्या गाठीत त्या साधारण ५८ निघाल्या, अतिचुकांच्या गाठीत ७२८. याहून दुर्मीळ, शंभरात एखादा प्रकार असा की त्यात पहिल्या विकराची स्वतःला तपासण्याची सवयच मोडलेली असते. तिथे दर दहा लाख अक्षरांमागे शंभराहून जास्त चुका, म्हणजे एका गाठीत तीन लाखांच्या वर.

इतकी बिघडलेली गाठ अधिक घातक असेल असं कुणालाही वाटेल. गंमत अशी की चुकीच्या प्रत्येक प्रथिनामुळे ती शरीराच्या संरक्षक पेशींना परकी दिसण्याची शक्यता वाढते. मग ती त्या पेशींवरचा ब्रेक दाबून धरते आणि तग धरते. इम्युनोथेरपीची औषधं हा ब्रेक सोडवतात. नेदरलँड्समधल्या 'निश-२' अभ्यासात दुसरा शोधक गैरहजर असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी अवघे काही आठवडे दोन औषधं दिली. १११ पैकी १०५ जणांची गाठ जवळजवळ मेली होती; ७५ जणांच्या कापून काढलेल्या भागात कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मलाशयाच्या अशाच कर्करोगावर सहा महिने डोस्टारलिमॅब हे असंच ब्रेक सोडवणारं औषध दिलं गेलं. उपचार पूर्ण केलेल्या ४९ पैकी ४९ जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. कर्करोगाच्या वैद्यकात शंभर टक्के हा आकडा सहसा वाचायला मिळत नाही.

हे औषध लाखांच्या घरात जातं, हे खरं. पण ते कुणाला लागू पडेल हे कळायला लाखो रुपये लागत नाहीत. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही मिसमॅच रिपेअरची चार प्रथिनं आहेत का, एवढंच पॅथॉलॉजिस्ट रंग देऊन पाहतात. एखादं गायब असेल तर दोष कधी वयोमानाने आलेला असतो, कधी आई-वडिलांकडून. वारशाने आलेला असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि त्यांची कोलोनोस्कोपी लवकर सुरू करावी लागते.

घरात कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा मलाशयाचा कर्करोग निघाला, तर केमोथेरपी किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: "एमएमआरची तपासणी झाली का?"