खिशातली ठिणगी

शुक्रवारी संध्याकाळी मेल्स-बिल्स उरकायचे, सॅक पाठीवर टाकायची, लोणावळ्याची लोकल पकडायची आणि रात्रभर चालत राजमाची गाठायची. पावसाळ्यात एकदा तरी हा उद्योग न केलेला ऑफिसवाला पुण्या-मुंबईत शोधूनच काढावा लागेल. गेल्या जुलैत आम्ही चौघे असेच निघालो. सॅकमध्ये काय नव्हतं? हेडलॅम्प, पॉवरबँक, छोटा गॅस स्टोव्ह, त्याचं गच्च भरलेलं सिलिंडर, मॅगी, किसलेलं आलं घातलेली चहाची पुडी. काडेपेटी होती. बॅकअप म्हणून लायटरही होता. आम्ही स्वतःवर जाम खूश होतो.

रात्री दीडच्या सुमारास धुक्यात एक फाटा चुकलो. तासभर भरकटल्यावर एक पडका गोठा दिसला, त्यात घुसलो. पाऊस आडवा, वारा त्याहून आडवा. म्हटलं, मस्तपैकी चहा टाकू. काडेपेटी काढली तर तिचा लगदा झालेला. गुल घासताना गुलाचंच पीठ होत होतं. लायटर पँटच्या खिशात होता, म्हणजे चार तास पाण्यातच. चाक फिरवलं की नुसता ओला खरखर आवाज. स्टोव्हचं ऑटोमॅटिक बटण? ते टक टक करत राहिलं, ठिणगी नाही. गॅसचा वास येतोय, चहाची पुडी हातात आहे आणि चौघांकडे मिळून एक ठिणगी नाही!

इथवर हसायला येत होतं. मग आमचा अकाउंट्सवाला मित्र बोलायचा थांबला. हा माणूस एरवी थांबत नाही. दात वाजत होते, सॅकची चेन त्याला उघडता येईना, आणि काही विचारलं तर उत्तर जडजड यायला लागलं. हायपोथर्मिया फक्त हिमालयात होतो असं आपल्याला वाटतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की झाला हायपोथर्मिया. त्यासाठी बर्फ लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतात. त्याचा ओला टी-शर्ट काढला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एकमेव कोरडं फ्लीस त्याला घातलं, त्याला मध्ये घेऊन बसलो आणि लोणावळ्याची चिक्की भरवत राहिलो. उजाडेपर्यंत तो पुन्हा बडबडायला लागला. पण ते तीन तास मी विसरणार नाही.

सकाळी गुरं घेऊन एक मामा आले. आमचा स्टोव्ह बघितला, आमच्याकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली काडेपेटी! एका काडीत स्टोव्ह पेटला. ‘‘येवढी शेगडी आणली पोरांनो, आन् काडी न्हाई?’’ असं म्हणून त्यांनी त्याच काडीवर आपली विडीही पेटवली.

घरी आल्यावर मी पेटून उठलो (सॉरी, राहवलं नाही!). नेटवर ‘फायर स्टार्टर’ म्हणून मिळणारे पाच-सहा प्रकार मागवले आणि पुढचे चार रविवार सोसायटीच्या गच्चीवर घालवले. परीक्षा साधी होती. बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात बुडवायचे, वस्तूही बुडवायची, आणि मग पेटवून दाखवायचं. आई दोनदा वर येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा येताना पाण्याची बादली घेऊन आली.

पहिलीच गोष्ट डोक्यात लख्ख झाली. आमचा बॅकअप हा बॅकअप नव्हताच. काडेपेटी ज्या पाण्याने मेली, त्याच पाण्याने लायटरही मेला. ऑफिसच्या फायलींची दुसरी कॉपी त्याच लॅपटॉपवर ठेवण्यातला प्रकार. त्यामुळे बॅकअप निवडताना ‘हे किती भारी आहे’ याच्याआधी विचारायचं, ‘पहिलं ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने हेही पडेल का?’

या चाळणीत चार्जिंगवाला इलेक्ट्रिक लायटर लगेच गळला. दिसतो सॉलिड, पण बॅटरी संपली की संपला, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. किचनमधला आपला गॅस लायटर गॅस पेटवतो, कागद नाही. किचेनला लावायचा चिमुकला पेट्रोलचा लायटर गोड आहे, पण पेट्रोल हळूहळू उडून जातं. गरजेच्या दिवशी तो रिकामा असण्याची शक्यता दाट. साधा गॅस लायटर मात्र मी अजूनही पहिल्या नंबरवर ठेवतो, कारण सगळं ठीक असेल तेव्हा त्याच्याइतकं सोपं काही नाही. फक्त तो झिपच्या पिशवीत, आतल्या खिशात हवा. हिमालयात जाणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. लायटरमधल्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या जेमतेम खाली आहे, त्यामुळे कडक थंडीत तो वायू व्हायलाच तयार नसतो. अशा वेळी लायटर थोडा वेळ काखेत धरायचा. चारचौघांत विचित्र दिसतं, पण चालतं.

वाऱ्यापावसात पेटणाऱ्या खास काड्या मिळतात, त्याही मी वापरून बघितल्या. झकास पेटतात. पण काड्या मोजक्या, आणि घासायची पट्टी भिजली की खेळ खलास. साध्या काडेपेटीच्या काडीला पेटवणारा फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीत असतो, काडीच्या टोकात नाही. म्हणून नुसत्या काड्या मेणात बुडवून उपयोग नाही, पट्टीही कोरडी ठेवावी लागते. मामांच्या टोपीचं लॉजिक हेच.

शेवटी उरला फेरो रॉड. दिसायला पेन्सिलीच्या तुकड्यासारखी काळी कांडी. पट्टीने खरवडली की ठिणग्यांचा पाऊस. ही कांडी म्हणजे फेरोसेरियम. सेरियम आणि लोखंडाचा हा मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये शोधला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतल्या जाणाऱ्या बत्त्यांमधलं जाळीदार मेंटल आठवतंय? ते शोधणारेही हेच. खरवडलेला कण हवेत आल्याबरोबर स्वतःच पेटतो आणि त्याचं तापमान तीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. बॅटरी नाही, इंधन नाही, थंडीचा त्रास नाही. पाण्यातून काढा, पुसा, खरवडा. तुमच्या लायटरमधला तो बारीक खडासुद्धा हाच पदार्थ असतो. म्हणूनच गॅस संपलेला पण कोरडा लायटर ठिणगीपुरता अजून कामाचा असतो.

आता निवडायचा कुठला? इथेच लोक फसतात, मीही फसलो. कॉम्पॅक्ट हवा म्हणून मी आधी मनगटावर बांधायच्या दोरीच्या ब्रेसलेटमधला घेतला. त्यातली कांडी काडीएवढी. गार हातांनी ती मला धरताच येईना, ठिणग्या कशाबशा चार. कॉम्पॅक्ट म्हणजे चिमुकलं नव्हे, राव. थंडीने सगळ्यात आधी बोटांचं बारीक काम जातं. तेव्हा आठ मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी लांब कांडी घ्या, मूठ पूर्ण हातात बसेल अशी. तीही शर्टाच्या खिशात मावते. सोबतची पट्टी धारदार कोनाची हवी, गोलसर नको. दोन्ही वस्तू दोरीने एकमेकींना बांधलेल्या असाव्यात. रंग भडक नारिंगी. गवतात पडलेली काळी वस्तू हेडलॅम्पमध्ये सापडत नाही. किंमत म्हणाल तर मध्यम पिझ्झ्याच्या आत काम होतं. मॅग्नेशियमचा ठोकळाही घेतला होता. त्याचा कीस जबरदस्त जळतो, पण तो किसायलाच इतका वेळ जातो, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळा कीस शेजारच्या गच्चीवर.

नवीन कांडीवरचा काळा थर आधी खरवडून टाका, नाहीतर ‘माल डिफेक्टिव्ह आहे’ म्हणून परत पाठवाल. मीही तेच करणार होतो. पट्टी पुढे ढकलू नका. ती स्थिर धरून कांडी मागे ओढा, म्हणजे समोरचा कापूस उधळत नाही. आणि दमट हवेत कांडी गंजते. म्हणून घरी सराव झाला की तिच्यावर नेलपॉलिशचा हात फिरवून ठेवा. ही युक्ती बहिणीची, नेलपॉलिशही तिचंच.

नुसत्या ठिणगीने ओलं लाकूड पेटत नाही. व्हॅसलिन चोळलेले कापसाचे बोळे औषधाच्या घट्ट डबीत भरून ठेवा. वापरताना बोळा पिंजायचा, मग एक ठिणगी पुरते आणि तो काही मिनिटं जळत राहतो. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणा, ते ओले असले तरी पेटतात. वासाचं मात्र विचारू नका. मी कापसात देवघरातला कापूरही चुरतो. तो उघडा ठेवला की उडून जातो, त्यामुळे डबी घट्टच हवी.

हे सगळं स्टोव्ह पेटवण्यासाठी आणि खरोखरच्या आणीबाणीसाठी, हं. अभयारण्यात आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंदी आहे, आणि हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा परिसर अभयारण्यच आहे. मार्च ते मेमध्ये वाळलेल्या गवताशेजारी ठिणग्या उडवणाऱ्या माणसाला माझ्यासोबत ट्रेकला यायचं नाही. विमानाने जाणार असाल तर लायटर, काड्या, इंधन घरीच ठेवा आणि रॉडबद्दल एअरलाइनला आधी विचारा.

ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघे पुन्हा त्याच वाटेने गेलो. मामांसाठी एक रॉड नेला होता. अकाउंट्सवाल्याने तो त्यांच्या हातात दिला, कसा ओढायचा ते दाखवलं. मामांनी एकदाच खरवडला, ठिणग्या बघितल्या आणि हसले. ‘‘चकमकच की रं ही! आमचा आजा गारगोटीवर पाडायचा. शेवरीचा कापूस लागायचा.’’ मग रॉड खिशात टाकला, टोपी काढली आणि प्लॅस्टिकमधल्या काडेपेटीने विडी पेटवली.