नोंद, संरक्षण आणि दोनदा जळालेला पूल : आयोवातल्या मॅडिसन काउंटीची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की अमेरिकेतल्या एका खेड्यापाड्यांच्या भागातल्या जुन्या इमारतींशी आपलं काय देणंघेणं? पण 'संरक्षित वास्तू' हा शब्द आपण रोज वाचतो आणि त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. तो अर्थ देशागणिक किती बदलतो, हे एका छोट्या जागेवरून नीट दिसतं. म्हणून मॅडिसन काउंटी.

आधी ही जागा कुठे आहे ते बघू. आयोवा हे अमेरिकेच्या मध्यभागातलं राज्य. मका, सोयाबीन आणि डुकरं यांचं. डे मॉइन ही राजधानी. तिथून नैऋत्येला साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर विंटरसेट हे गाव, आणि ते या काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा प्रदेश समजा, पण स्वतःचं न्यायालय, स्वतःचा शेरीफ आणि रस्ते-पुलांची स्वतःची जबाबदारी असलेला. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे पुण्यातली दोन-चार मोठी गृहसंकुलं एकत्र केली की झालं.

या काउंटीत चुनखडीचा दगड चांगला निघतो. सुरुवातीच्या वसाहतकारांनी त्या दगडात घरं बांधली, शाळा बांधल्या. विंटरसेटच्या चौकातलं न्यायालयही त्याच दगडाचं. आधीचं न्यायालय जळालं, त्यानंतर १८७० च्या दशकात हे उभं राहिलं. याच गावात १८८० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर काही काळ राहिले, एका हॉटेलात काम करत. गुलामगिरीत जन्मलेला हा तरुण. तिथल्या एका गोऱ्या कुटुंबाने त्यांना कॉलेजात जायचा आग्रह केला आणि पुढे ते नामवंत कृषिशास्त्रज्ञ झाले. मराठी वाचकांना वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे ते घरचेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण काउंटीचं नाव जगभर गेलं ते लाकडी पुलांमुळे. छप्पर असलेले, दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून बंद केलेले, लाल रंगाचे पूल. लांबून बघितलं तर ओढ्यावर कोणी लांबट गोठा आणून ठेवलाय असं वाटावं. एके काळी असे १९ पूल होते. आज सहा आहेत.

आता पुलाला छप्पर कशाला? बहुतेकांना वाटतं, घोडे पाण्याला बुजू नयेत म्हणून, किंवा प्रवाशांना आडोसा म्हणून. असल्या गोष्टी तिथेही सांगतात. खरं कारण हिशोबाचं आहे. पुलाचा भार ज्या लाकडांवर असतो ती लाकडं जाड आणि महाग. उन्हापावसात ती दहा-पंधरा वर्षांत सांध्यांपासून कुजायला लागतात. छपराच्या आणि बाजूच्या फळ्या मात्र स्वस्त. खराब झाल्या की बदलता येतात. काउंटीच्या कारभाऱ्यांनी म्हणून छप्पर घालायला लावलं. आपल्या कोकणातला साकव उघडा असतो, तो वाहून गेला की पुढच्या वर्षी नवा घालतात. इथे हिशोब वेगळा होता : एकदाच बांधा आणि टिकवा.

यातले बरेचसे पूल बेंटन जोन्स नावाच्या कारागिराने बांधले. होलिवेल १८८० चा, रोझमन आणि सीडर १८८३ चे, हॉगबॅक १८८४ चा. त्याची पद्धत जाळीची. फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या लावायच्या आणि जिथे छेदतात तिथे लाकडी खुंट्या ठोकायच्या. ही रचना इथिएल टाउन या वास्तुविशारदाने १८२० मध्ये पेटंट केलेली. तिचं वैशिष्ट्य असं, की मोठे वासे लागत नाहीत आणि फार निष्णात सुतारही लागत नाही. लहान फळ्या आणि भरपूर माणसं असली की काम होतं. होलिवेल पूल १२२ फूट लांब आहे आणि मिडल रिव्हरवर आपल्या मूळ जागी उभा आहे. बहुतेक पुलांना नावं मिळाली ती शेजारी राहणाऱ्या लोकांची. कोणत्याही राजाचं, सेनापतीचं नाव नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

हे पूल १९७६ मध्ये 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस'मध्ये नोंदवले गेले. इथे जरा थांबू, कारण गोंधळ इथेच होतो. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधलं पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडलं गेलं, महामार्गांसाठी शहरंच्या शहरं उकरली गेली, लोक हळहळले, आणि १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा झाला. त्या कायद्याने ही नोंदवही आली. ती सांभाळतं नॅशनल पार्क सर्व्हिस. शिफारस राज्याच्या कार्यालयातून जाते. वास्तू सर्वसाधारणपणे पन्नास वर्षं जुनी असावी लागते.

पण नोंद झाली म्हणजे वास्तू सुरक्षित झाली का? नाही! तुमचं दगडी घर नोंदवहीत असेल आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने ते उद्या पाडायचं ठरवलंत, तर केंद्र सरकार तुम्हाला अडवू शकत नाही. गावाने किंवा राज्याने स्वतःचा वेगळा नियम केला असेल तर गोष्ट निराळी. आपल्याकडे १९५८ च्या कायद्याखालच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. त्या सवयीने आपण बघायला गेलो तर अमेरिकेतली नोंद अगदीच पोकळ वाटते.

ती पोकळ नाही, पण तिचं बळ वेगळीकडे आहे. एक, सरकारी पैसा किंवा सरकारी परवानगी जिथे येते तिथे. समजा केंद्राच्या निधीतून रस्ता रुंद करायचाय आणि वाटेत असा पूल आहे. तर त्या खात्याला आधी पुलावर काय परिणाम होईल ते तपासावं लागतं, राज्याच्या जतन कार्यालयाशी बोलावं लागतं, पर्याय शोधावे लागतात. 'बोलावं लागतं' एवढंच, ऐकावंच लागतं असं नाही. पण त्या बोलण्यात वेळ जातो, लोक जागे होतात, आणि पुष्कळदा रस्ता थोडा वळतो. दुसरं, करसवलत. नोंदलेली आणि उत्पन्न देणारी इमारत, म्हणजे दुकान, हॉटेल, भाड्याची घरं, नियमाप्रमाणे दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करातून वजा होतात. पुलाला याचा काय उपयोग? काही नाही. पूल भाडं कमवत नाही.

मग पूल वाचवले कोणी? काउंटीने आणि गावकऱ्यांनी. १९७० पासून तिथे ऑक्टोबरात आच्छादित पुलांचा उत्सव भरतो. काही पूल जागेवरून हलवून वाचवले : कटलर-डोनाहो विंटरसेटच्या बागेत नेला, आइम्स तर दोनदा हलला. आता बघा, नोंदवहीचा नियम म्हणतो, हलवलेली वास्तू सहसा पात्र नसते. अपवाद तिच्या बांधणीच्या महत्त्वाचा. पुलाच्या बाबतीत हा अपवाद मला अगदी योग्य वाटतो. पाण्याखाली जाणारा किंवा अवजड ट्रकांखाली मोडणारा पूल जागेवरच मरू द्यायचा, हे कसलं जतन?

१९९२ मध्ये रॉबर्ट जेम्स वॉलर यांची कादंबरी आली, १९९५ मध्ये क्लिंट ईस्टवुड आणि मेरिल स्ट्रीप यांचा चित्रपट. पर्यटक आले, पैसा आला, दुरुस्त्या झाल्या. प्रसिद्धीने पुलांना तारलं हे खरं. पण आगीपासून कोणी तारलं नाही. चित्रपटाच्या आधीच, १९८३ मध्ये, मॅकब्राइड पूल कोणीतरी पेटवून दिला होता. मग सप्टेंबर २००२ मध्ये सीडर पूल जाळला गेला. काउंटीने मूळ आराखड्याप्रमाणे, जुन्याच पद्धतीने तो पुन्हा बांधला, २००४ मध्ये खुला केला. एप्रिल २०१७ मध्ये तोही जाळला. या वेळी काही किशोरवयीन मुलं पकडली गेली. २०१९ मध्ये तिसरा सीडर पूल उभा राहिला.

हा तिसरा पूल ऐतिहासिक आहे का? एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवून हाच प्रश्न विचारलाय, बरं झालं. नोंदवहीच्या कसोट्या प्रतिकृतीबाबत कडक आहेत : ती अचूक हवी, योग्य परिसरात हवी, पुनर्बांधणीच्या आखलेल्या योजनेचा भाग हवी आणि तशी दुसरी मूळ वास्तू उरलेली नसावी. शेवटची अट इथे अडते, कारण जोन्सचे मूळ पूल अजून उभे आहेत. माझं मत विचाराल तर १८८३ चं लाकूड गेलं ते गेलं, त्याला जुनं म्हणू नये. पण २०१७ ला जळण्याआधी काउंटीतल्या आच्छादित पुलांपैकी एवढाच एक असा होता, की ज्यातून गाडी नेता येत होती. बाकीचे बघायचे पूल, हा वापरायचा. गावाने निधी गोळा करून जे परत उभं केलं त्यात रस्ताही होता आणि जाळी बांधायची हातोटीही. खुंट्या कशा ठोकायच्या, फळीला किती ढाळ द्यायचा, हे त्या निमित्ताने पुन्हा शिकावं लागलं, आणि होलिवेल किंवा रोझमनची पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा तीच माहिती कामाला येईल.

दुसरी चिठ्ठी रोझमन पुलावरच्या भुताबद्दल आहे. १८९२ मध्ये तुरुंगातून पळालेला एक कैदी त्या पुलात दोन्ही बाजूंनी घेरला गेला आणि छपरातून वर जाऊन नाहीसा झाला, अशी दंतकथा आहे. त्याची नोंद अर्थातच रजिस्टरमध्ये नाही.