पट्टीवरची दुसरी रेघ

केज तालुक्यातल्या एका आशाताईंचं बोलणं डोक्यातून जाईना. त्या म्हणाल्या होत्या, "मळमळ, छाती दुखणं, सारखी झोप, समदं घेऊन बाई येती. पट्टीवर एकच रेघ. आन् ती बाई खोटं बोलत नसती." म्हणून त्यांच्याबरोबर गावात फिरायला गेले.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेल्या घरांत भांडी, कोयते, ज्वारीची पोती बांधून ठेवलेली. अशाच एका घरी लग्नाला तीन वर्षं झालेली सून उंबऱ्याशी बसली होती. पाळीला अजून चार दिवस होते, पण छाती हात लावू देईना, पोट फुगलेलं, सकाळपासून मळमळ. सासू म्हणाली, "दर महिन्याला हिचं ह्येच. मनाचे खेळ हायेत."

आशाताई म्हणाल्या, "बीज सुटल्यापासून चौदा दिवस तरी होऊ दे की गं." पण पोरगी ऐकेना. शेवटी त्यांनी पिशवीतलं गर्भ तपासायचं 'निश्चय' किट काढलं. लघवीचे थेंब, पाच मिनिटं, एक रेघ. पोरगी ती पट्टी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ फिरवत राहिली. दुसरी रेघ कुठेतरी पुसट असेल, असं तिला वाटत होतं.

हे मनाचे खेळ नव्हेत. बीज सुटलं की अंडाशयात त्या जागी एक लहानशी पिवळी ग्रंथी तयार होते आणि प्रोजेस्टेरॉन सोडू लागते. त्यानं आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं, स्तन जड होतात, अंग थोडं तापतं, झोप येते. गर्भ राहो वा न राहो, हे घडतंच. गर्भ रुजायलाच साधारण 6 ते 10 दिवस लागतात. रुजल्यावर त्यातून एचसीजी पाझरतं आणि त्या ग्रंथीला तग धरायला लावतं. तेच पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं. रुजला नाही, तर सुमारे 14 दिवसांत ग्रंथी सुकते आणि पाळी येते. तोवर गर्भ राहिलेला आणि न राहिलेला, दोन्ही महिने अंगाला सारखेच जाणवतात.

शेजारच्या वस्तीवर उलटा प्रकार. तिथल्या बाईच्या पट्टीवर दुसरी रेघ होती, घरात आनंद होता. आशाताईंनी आधी कागद मागितले. शहरातल्या दवाखान्यात बीज फुटण्यासाठी इंजेक्शन दिलेलं, आणि ते एचसीजीचंच होतं. ते दहा-चौदा दिवस लघवीत दिसू शकतं. "चौदा दिवस थांबा, मग बघू," त्या हळू म्हणाल्या. मला त्यांच्या कामातला हा थांबवण्याचा भाग सगळ्यात अवघड वाटला.

याच जिल्ह्यात 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2019 मध्ये ते समोर आणलं. जिथे बाईच्या पोटदुखीवर इतक्या झटपट सुरी चालली, तिथे कुणीतरी तिच्या शेजारी बसून दिवस मोजतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या पहिल्या घरून निघताना आशाताईंनी वहीत सुनेच्या पाळीची तारीख लिहिली, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आणि त्या सासूकडे वळल्या. "तोडीला जायच्या आधी दोघांनाबी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात धाडा."

"त्याला कशाला?"

"मावशी, त्याचीबी तपासणी लागती. आधी त्याचीच करून घ्या, ती सोपी असती."