मंडळी की मालमत्ता?

मुळशीच्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, तरीही धरण झाले. जमिनी गेल्या, घरे गेली, देवळेही पाण्याखाली गेली. पण विस्थापितांनी गावाचे नाव टाकले नाही. गाव म्हणजे भिंती नव्हेत, माणसे!

मराठी ख्रिस्ती बांधवांच्या भाषेतही हेच सत्य आहे. ते चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. मग आज चर्च म्हटले की कंपाऊंड, ट्रस्ट, पदाधिकारी आणि कोर्टातले दावेच का आठवावेत? आम्ही बौद्ध हा प्रश्न विचारतो, कारण त्या मंडळीत आमच्याच रक्तामांसाची माणसे आहेत.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला पोहोचले. पुढे त्या मंडळीत महार-मांग वस्त्यांमधून मोठ्या संख्येने माणसे गेली. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण पगार, जागा आणि निर्णय मिशनच्या हाती राहिले.

या व्यवस्थेला आतून आव्हान दिले ते कवी नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ताचा अनुयायी व्हायला मिशनचा शिक्का कशाला, हा त्यांचा सवाल होता. मे १९१९ मध्ये ते वारले आणि प्रयोग अपुरा राहिला.

टिळकांचे धैर्य आम्ही मानतो. पण एक प्रश्न उरतोच. नावाजलेल्या कवीला बाहेर पडता आले. मिशनच्या पगारावर घर चालवणाऱ्या महारवाड्यातल्या मास्तराला ते परवडले असते काय?

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हेही स्पष्ट सांगितले. धर्मांतरितांच्या स्थितीवरील लेखनात त्यांनी दाखवले, की शिक्षणापासून नोकरीपर्यंत मिशनवर अवलंबून असलेला समाज राजकीय हक्कांसाठी उभा राहत नाही. दयेवर जगणारा समाज गप्प बसतो!

या गप्प बसण्याची किंमत कायद्यात दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली; २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येते काय?

आणि चर्च कशात गुंतले आहे? १९७० साली नागपुरात सहा संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्या विलीनीकरणातून मालमत्तेचे खटले निघाले. २०१३ साली गुजरातच्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक विश्वस्त संस्थेची मालमत्ता केवळ ठराव करून दुसऱ्याच्या नावावर जात नाही. म्हणजे उपासना एकत्र झाली, तरी सातबारा वेगळाच राहिला!

बदलाच्या खुणा नाहीत असे नाही. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयी धोरण जाहीर करून चर्चमधील भेदभाव मान्य केला. २०२२ साली अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. पण एका माणसाच्या डोक्यावर लाल टोपी आली म्हणून दफनभूमीतली भिंत पडत नाही.

म्हणून ख्रिस्ती बांधवांना आमचे सांगणे आहे : हिशेब मंडळीसमोर मांडायला लावा. विश्वस्त निवडताना वस्तीतल्या बाईलाही मत द्या. आरक्षणाच्या लढ्यात धर्मगुरूंची वाट पाहू नका, पुढे या. आम्ही सोबत आहोत. आणि आमच्या विहार समित्यांनीही ही कसोटी स्वतःला लावावी. विहाराला कुलूप आणि समितीचा दावा धर्मादाय आयुक्तांकडे, हे चित्र आम्हालाही नवीन नाही.

जय भीम!