सर्व्हरची घडी कशी बसते

७ मार्च १८७० रोजी मुंबईहून निघालेला लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला. अलाहाबादहून आलेली दुसरी शाखा तेथे १८६७ सालीच पोहोचली होती. मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे अशा रीतीने रेल्वेने जोडली गेली. आज शहपुऱ्याचे लोक ज्या भिटौनी स्थानकावरून जबलपूरची गाडी पकडतात, ते स्थानक याच मार्गावर आहे. परंतु रूळ जुळले म्हणून घड्याळे जुळत नाहीत. प्रत्येक मोठे शहर त्या काळी स्वतःच्या सूर्यावर आपली वेळ ठरवीत असे, आणि मुंबई व कलकत्ता यांच्या घड्याळांत एक तासाहून थोडे अधिक अंतर होते. गाडी कोणत्या वेळेने सुटली असे मानायचे? दोहोंच्या मधली मद्रासची वेळ रेल्वेने प्रमाण मानली आणि हा प्रश्न सोडविला. योगायोग असा की जबलपूर व मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यामुळे रेल्वेचे घड्याळ आणि जबलपूरचा सूर्य यांच्यात एक-दीड मिनिटाचाच फरक उरला. मुंबईकराला मात्र ते घड्याळ अर्धा तास पुढे दिसे.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आज वेगळ्या रूपाने पुन्हा समोर येतो. संकेतस्थळ चालविण्यासाठी जो संगणक भाड्याने घेतला जातो, तो मुंबईत असेल, सिंगापुरात असेल किंवा अमेरिकेतील एखाद्या राज्यात असेल. त्याच्या घड्याळात कोणाची वेळ लावायची? त्याने कोणती लिपी जाणावी? त्याच्याकडून गेलेले पत्र खरे आहे हे दुसऱ्याने कसे ओळखावे? ही सर्व उत्तरे ज्या ठिकाणी लिहून ठेवली जातात, त्यांना व्यवस्थेची मांडणी किंवा रूढ शब्दांत ‘सेटिंग्ज’ असे म्हणतात.

फलक आणि त्यामागील कारकून

असा संगणक, म्हणजे सर्व्हर, बहुधा लिनक्स या प्रणालीवर चालतो. लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक सेटिंग साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असते. जाणकार मनुष्य त्या फायली स्वतः उघडून बदलू शकतो. परंतु तेथे एखादा अर्धविराम चुकला तरी सारी सेवा बंद पडण्याचा संभव असतो. ही अडचण दूर करण्यासाठी नियंत्रणफलक, अर्थात कंट्रोल पॅनेल, निर्माण झाले. सीपॅनेल हा त्यांतील प्रसिद्ध फलक १९९६ साली सुरू झाला. १९९७ मध्ये जेमी कॅमेरन यांनी वेबमिन प्रसिद्ध केला.

फलकाचे कार्य एखाद्या कचेरीतील कारकुनासारखे आहे. अर्जदाराने छापील नमुना भरून द्यावा आणि कारकुनाने त्यातील मजकूर योग्य त्या नोंदवहीत उतरवून संबंधित खात्याला कळवावे, तसा फलक पडद्यावरील रकान्यांतून माहिती घेतो, ती ठराविक साच्यात बसवून फायलीत लिहितो आणि ती सेवा पुन्हा सुरू करतो. एवढे लक्षात घेतले की नवख्या माणसाला हटकून गोंधळात टाकणारी एक गोष्ट उलगडते. कोणी फलकाला वगळून थेट फायलीत दुरुस्ती केली, तर ती काही दिवस नीट चालते. पुढे फलक आपल्या साच्यावरून तीच फाईल पुन्हा लिहितो, तेव्हा हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते. म्हणून जी गोष्ट फलकावरून करता येते, ती फलकावरूनच करावी, हा पहिला नियम होय.

तीन घड्याळे

समजा, शहपुरा परिसरातील वाटाणा पिकविणाऱ्यांच्या एका संस्थेने संकेतस्थळ काढले आहे. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ओला वाटाणा हा नाशवंत माल. खरेदीदारांनी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत भाव नोंदवावा, त्यानंतर आलेली बोली धरली जाणार नाही, असा संस्थेचा नियम आहे. सर्व्हर मात्र जागतिक प्रमाणवेळेवर चालला आहे. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने, त्या यंत्राच्या लेखी सहा वाजतात तेव्हा शहपुऱ्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. इतरांचे भाव कळल्यावर सात वाजता बोली लावणाराही मग मुदतीत ठरतो. पहाटे चार वाजता केलेल्या नोंदीवर तर आदल्या दिवसाची तारीख पडते. यंत्राने कोठेही चूक केलेली नसते, आणि तरीही ज्याने नियम पाळला त्याच्यावर अन्याय होतो.

फलकात ‘टाइम झोन’ या रकान्यात भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ हे नाव निवडावे लागते. काही यादींत ‘आशिया/कलकत्ता’ हे जुने नावही आढळते. दोहोंचा अर्थ एकच. या नावाआड जी तालिका असते, ती वाचनीय आहे. मद्रासची वेळ तीत पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद अशी नोंदलेली आहे. १ जानेवारी १९०६ पासूनचे साडेपाच तासही तेथे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात घड्याळे एक तास पुढे केली होती तो कालखंडही. रेल्वेची ती जुनी तडजोड अशा तऱ्हेने जगभरच्या संगणकांत आजही जिवंत आहे.

परंतु हा रकाना भरला म्हणजे काम संपले असे नाही. एका सर्व्हरवर सामान्यतः तीन घड्याळे असतात. पहिले मूळ प्रणालीचे, दुसरे पीएचपीसारख्या भाषेचे आणि तिसरे माहितीकोशाचे, म्हणजे डेटाबेसचे. पीएचपीला काही सांगितले नसेल तर ती जागतिक वेळ धरून चालते. माहितीकोश बहुधा मूळ प्रणालीचे घड्याळ पाहतो, परंतु त्यालाही वेगळी आज्ञा देता येते. शिवाय जी सेवा आधीपासून चालू आहे, तिने सुरू होताना पाहिलेली वेळच ती पुढे वापरीत राहते. ठरलेल्या वेळी कामे करणाऱ्या ‘क्रॉन’ या सेवेचे असेच आहे. म्हणून वेळ बदलल्यावर त्या सेवा पुन्हा सुरू कराव्यात. पुष्कळ जाणकार तिन्ही घड्याळे जागतिक वेळेवर ठेवतात आणि वाचकाला दाखविताना तेवढे साडेपाच तास मिळवितात. काही जण तिन्ही भारतीय वेळेवर लावतात. दोन्ही रीती चालतात. एक घड्याळ एका वेळेवर आणि दुसरे दुसऱ्या वेळेवर, ही रीत मात्र चालत नाही.

घड्याळ योग्य प्रदेशाचे असूनही ते मागेपुढे होऊ शकते. त्यासाठी १९८५ साली डेव्हिड मिल्स यांनी मांडलेली एनटीपी ही पद्धत वापरतात; तिच्यामुळे संगणक विश्वसनीय घड्याळाला वारंवार वेळ विचारून आपली दुरुस्ती करतो. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने सेवा पुरविणाऱ्या संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवण्यास व नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. चोरी झाली तर ती केव्हा झाली हे सांगणारी नोंदच साक्षीदार असते, आणि तिचे घड्याळ चुकले की साक्षही निकालात निघते.

लिपीची ओळख

यानंतरचे सेटिंग मराठी आणि हिंदी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, केवळ आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानायचे, हा संकेत ठरवावा लागतो. मायएसक्यूएल हा माहितीकोश स्वीडिश मंडळींनी उभारला. त्यामुळे पुष्कळ वर्षे त्यात आरंभीचा संकेत ‘लॅटिन-१’ असे, आणि शब्दांचा क्रम स्वीडिश भाषेच्या रीतीने लागे. तो मूलभूत संकेत २०१८ मध्ये निघालेल्या ८.० या आवृत्तीत बदलला.

लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. अशा कोशात कोणी ‘काळे’ हे आडनाव लिहिले, तर जुन्या सैल मांडणीत प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले जाते. हे प्रश्नचिन्ह केवळ पडद्यावर दिसत नाही. मूळ अक्षर कायमचे गेलेले असते आणि मागाहून सेटिंग सुधारले तरी ते परत येत नाही. शेकडो सभासदांची नावे अशी प्रश्नचिन्हे झाली, तर दारोदार जाऊन ती पुन्हा लिहून आणण्यावाचून गत्यंतर नाही.

याला उपाय यूटीएफ-८ हा संकेत. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो रचला. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने जो जुना प्रकार आहे, तो तीन बाइटांपर्यंतच जातो. म्हणजे मराठी त्यात मावते, परंतु मोबाइलवरून येणारी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे चार बाइटांची असल्याने ती मावत नाहीत. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ हाच प्रकार निवडावा. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. फलकावरील हे सेटिंग केवळ पुढे तयार होणाऱ्या तक्त्यांना लागू होते. जुने तक्ते जसेच्या तसे राहतात आणि ते स्वतंत्रपणे बदलावे लागतात. कोश आणि संकेतस्थळाची आज्ञावली एकमेकांशी कोणत्या संकेतात बोलतात, तेही तपासून पाहावे.

नाव, टपाल आणि मर्यादा

उरलेल्या सेटिंग्जचा परामर्श थोडक्यात घेता येईल. पीएचपीत एका वेळी चढवावयाच्या फाईलची मूळ मर्यादा दोन मेगाबाइट असते आणि संपूर्ण अर्जाची आठ. आजच्या मोबाइलने काढलेले सातबाऱ्याचे किंवा खसऱ्याचे छायाचित्र सहज याहून मोठे असते. संपूर्ण अर्जाची मर्यादा ओलांडली गेली, तर आज्ञावलीच्या हाती कोरा अर्ज पडतो आणि शेतकऱ्याला “नाव भरा” असे पुन्हा सांगितले जाते. त्याने ते भरलेलेच असते. दोन्ही मर्यादा एकत्र वाढवाव्यात, आणि अर्जाची मर्यादा फाईलच्या मर्यादेहून मोठी ठेवावी.

संकेतस्थळाचे नाव व सर्व्हरचा पत्ता यांची सांगड डीएनएस घालते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. प्रत्येक नोंदीबरोबर ती किती सेकंद स्मरणात ठेवावी हे लिहिलेले असते. तेथे ८६,४०० हा आकडा असेल, तर पत्ता बदलल्यानंतरही काही वाचक एक दिवसपर्यंत जुन्याच दारावर जातील. स्थलांतर करण्याच्या आदल्या दिवशीच तो आकडा ३०० वर आणून ठेवणे श्रेयस्कर.

टपालाच्या बाबतीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. या संस्थेच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणाला, पत्रावरील मोहोर कोणती आणि मोहोर जुळली नाही तर पत्राचे काय करावे, हे त्या अनुक्रमे सांगतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने अशा ओळखीवाचून आलेल्या पत्रांबाबत नियम कडक केले आहेत.

राखीव प्रत

सर्वांत अधिक विश्वास ज्या सेटिंगवर टाकला जातो आणि ज्याची तपासणी सर्वांत कमी होते, ते राखीव प्रतीचे, म्हणजे बॅकअपचे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या विख्यात कंपनीत जे घडले, त्याची हकिकत तिने स्वतःच प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली. एक तंत्रज्ञ दुय्यम संगणकावरील माहिती पुसावयास निघाला होता. आज्ञा दिली गेली ती मुख्य संगणकावर. चूक लक्षात येऊन त्याने एक-दोन क्षणांत हात आवरला, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते.

राखीव प्रती होत्या असे सर्वांना वाटत होते. पाहतात तो ती जागा रिकामी! प्रत काढणारी आज्ञावली माहितीकोशापेक्षा जुन्या आवृत्तीची असल्यामुळे रोज अपयशी ठरत होती. प्रत्येक अपयशाची सूचना टपालाने धाडली जाई. परंतु त्या पत्रांवर डीमार्कला हवी असलेली मोहोर नसल्याने ती नाकारली जात होती. वर उल्लेखिलेल्या टपालाच्या एका सेटिंगने प्रतीच्या सेटिंगमधील दोष असा झाकून ठेवला होता. सुमारे सहा तासांपूर्वी एका वेगळ्याच कामासाठी कोणीतरी माहितीचे चित्र काढून ठेवले होते, त्यावरून बहुतेक सारे परत मिळाले. तरीही पाच हजारांच्या आसपास प्रकल्प आणि सातशे नवी खाती यांना झळ पोहोचली.

यातून निघणारा बोध सरळ आहे. फलकावर ‘प्रत काढा’ या शब्दांपुढे खूण केली म्हणजे प्रत निघालीच असे नव्हे. महिन्यातून एकदा तरी त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर संकेतस्थळ उभे करून पाहावे. आणि प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नये. घराला आग लागली असता घरातच ठेवलेली दुसरी किल्ली उपयोगी पडत नाही.

तपासण्याची रीत

सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदल करावा, जुने मूल्य कागदावर लिहून ठेवावे आणि बदलाचा परिणाम फलकावर न पाहता बाहेरून पाहावा. घड्याळ बदलले असेल तर एक नोंद करून तिच्यावरील वेळ वाचावी. लिपी बदलली असेल तर ‘ळ’ असलेले एखादे नाव लिहून पुन्हा उघडावे. टपाल बदलले असेल तर परक्या पेटीत पत्र धाडावे. फलक केवळ एवढेच सांगतो की आज्ञा लिहून घेतली आहे. ती पाळली गेली की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. जबलपूरच्या फलाटावरचे घड्याळ बरोबर होते की नाही, याची कसोटी शेवटी गाडी मिळाली की चुकली यावरच लागत असे.