ऊन पाण्याचे कुंड आणि बधिर पाय

दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे. या तिन्ही नावांत ऊन पाणी आहे. खानदेशात अडावदजवळच्या उनपदेवचे नावही त्याच कुळातले. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तो झरा काढला, अशी तिथली कथा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरलाही हीच कथा सांगतात. ठिकाणे दूरदूरची, पण समजूत एकच: या पाण्याने खरूज, नायटा, संधिवात, इतकेच काय कुष्ठरोगसुद्धा जातो.

जमिनीखाली गंधक पेटलेले असते म्हणून पाणी तापते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरते. दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाते. तेच पाणी तापून वर येते आणि येताना खडकांतले क्षार व गंधकाचा वास घेऊन येते.

आखडलेल्या सांध्यांना या शेकाने बरे वाटते, हे खरे. मी स्वतः म्हाताऱ्या मंडळींना जाऊ नका असे सांगत नाही. खरजेवर गंधकाचे मलम चालते हेही खरे, पण मलमाच्या मानाने झऱ्यातले गंधक अगदीच थोडे असते. नायटा तर ओल्या कपड्यांनी उलट वाढतो. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेच्या आत, मज्जातंतूंत असतात. तिथे कुंडाचे पाणी पोहोचत नाही. त्यावरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे आहे आणि ६० अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजते. धडधाकट माणूस चटका बसताच पाय मागे घेतो. बधिर पायाचा माणूस मात्र आरामात बसून राहतो. मधुमेहाचे एक गृहस्थ असेच माझ्याकडे आले होते. दोन्ही तळव्यांना टरटरून फोड होते. "पाणी कोमट होते हो डॉक्टर," असे ते शेवटपर्यंत म्हणत होते. जखम भरायला चार महिने लागले.

तेव्हा अंगावर बधिर चट्टा असेल किंवा मधुमेह असेल, तर पाणी स्वतः अजमावू नका. सोबतच्या निरोगी माणसाला कोपर बुडवून पाहायला सांगा. झऱ्याच्या तोंडाशी बसू नका. निवलेले पाणी तांब्याने अंगावर घ्या. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कुंडात उतरूच नये. आंघोळीनंतर तळवे उजेडात नीट पाहा. फोड दिसला तर तो फोडू नका, हळद-तेलही लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून त्याच दिवशी दवाखाना गाठा.